डाव्या हाताचं वर्ष

सुभेदारांच्या हातात एकदा हात दिला की तो लवकर परत मिळत नसे. हात मिळवल्यावर ते तो उलटा करत, अंगठ्याचं मूळ दाबून बघत, मधलं बोट आपल्या बोटाशी लावून मोजत आणि मनगट हलकेच वर-खाली वाकवत. दिंडोरीच्या एका लग्नात नवरीच्या मामांना वाटलं, गृहस्थ हात बघतात. त्यांनी हळूच आपल्या बढतीचं विचारलं. सुभेदार अगदी गंभीरपणे म्हणाले, "बढतीचं मला ठाऊक नाय. पण पिस्तुलाची मूठ तुम्हाला मध्यम लागंल." मामा नंतर जेवणाच्या पंगतीत त्यांच्यापासून दूरच बसले.

सैन्यातून निवृत्त होऊन ते वणीजवळच्या आपल्या गावी आले, तोवर शेतीचा सगळा कारभार धाकट्या भावाच्या हाती गेला होता. भावाच्या कामात लुडबुड नको म्हणून रोज सकाळी स्कूटरवरून ते नाशिकला आमच्या रेंजवर यायला लागले आणि आमचे शिक्षक होऊन बसले. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, द्राक्षबागेला लागून, पत्र्याची एक लांबट शेड, एवढीच ती रेंज. थंडीत बागेतलं धुकं सरळ आत येई. समोरच्या भिंतीआधी टार्गेटचे काळे गोल दिसायला लागत, अधांतरी. नेमबाजी म्हटलं की लोकांना आवाज आठवतो. मला त्या सकाळची शांतता आठवते, आणि तेलाचा नि ओल्या मातीचा एकत्र वास. कधी कधी अर्धवट झोपेत मी अजून तिथेच उभी असते.

नवा माणूस आला की मोबाइलवर फोटो दाखवून विचारायचा, यातलं कोणतं पिस्तूल चांगलं? सुभेदार फोटोकडे न बघता विचारत, "कोणासाठी?" मग त्याला महिनाभर पिस्तूलच मिळत नसे. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून रिकामा हात उचलायचा, धरायचा, खाली आणायचा. निम्मे लोक तिथेच गळत. उरलेल्यांची मग परीक्षा असे. पिस्तूल हातात घेऊन डोळे मिटायचे, हात उचलायचा आणि मग बघायचं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा छोटा खुंट, आपसूक मागच्या खाचेत मधोमध आली असेल तर ते पिस्तूल तुमचं. "आणावी लागली," ते म्हणत, "तर ते दुसऱ्या कोणाचं तरी हाय, त्याला परत द्या."

कपाटात तीन प्रकार होते. साडेचार मिलिमीटरचा छर्रा उडवणारं हवेचं पिस्तूल, पॉइंट बावीस आणि पॉइंट बत्तीस. घरातली तीन माणसं असावीत तसं ते त्यांच्याबद्दल बोलत. हवेचं सगळ्यात खरं बोलणारं, कारण छर्रा सावकाश बाहेर पडतो आणि तेवढ्या वेळात हात जरा जरी ढळला तरी टार्गेटच्या कार्डावर लिहून ठेवतो. बावीस मायाळू, थोडं पोटात घालणारं. आणि बत्तीसचं ते हसून सांगत की ते आवाजानं तुमचं लय कौतुक करतं, कार्ड मात्र कौतुक करत नाय.

निफाडकडचे एक बागायतदार बत्तीसच हवं म्हणून आले होते. घरात वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं, त्यामुळे छर्रे म्हणजे पोरखेळ असं त्यांचं मत. सुभेदारांनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे पाठ करून बत्तीस भरलं, मध्ये दोन रिकामी काडतुसं घातली आणि हातात दिलं. पहिल्या गोळीचा दणका झाला. दुसऱ्या वेळी नुसतं खट्ट वाजलं, पण नळी वीतभर खाली गेली आणि बागायतदारांचे डोळे घट्ट मिटले. सगळी रेंज बघत होती. "गोळी नव्हती, भाऊ," सुभेदार त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "तरी तुम्ही दचकले. ते आधी काढू, मग बत्तीस घेऊ." बागायतदार हिरमुसले, पण दुसऱ्या दिवशी परत आले. आज वीस वर्षं होत आली, ते हवेच्याच पिस्तुलावर आहेत आणि खूश आहेत.

मी येवल्याची. घरी पैठणीचे दोन माग, वडील आणि काका विणणार, आई कांड्या भरणार. नाशिकला मावशीकडे राहून कॉलेज करत होते आणि मैत्रिणीसोबत गंमत म्हणून रेंजवर गेले, ती तिथेच रमले. वडिलांचा विरोध नव्हता, फक्त मुदत होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी राज्याच्या संघात नाव आलं तर पुढे खेळायचं, नाहीतर घरी यायचं, मागावर बसायचं आणि स्थळं बघायची. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण परत जायचं नाही, हे मी मनात पक्कं केलं होतं.

दीड वर्ष हवेच्या पिस्तुलावर काढल्यावर सुभेदारांनी मला बावीस दिलं. त्याची मूठ त्यांनी स्वतः बनवली, शिसवाच्या फळीतून. दर रविवारी मी शेडच्या पायरीवर बसायची, ते माझा उजवा हात लाकडावर ठेवायचे, पेन्सिलीने खुणा करायचे आणि मग कानस चालू. तांबूस भुसा त्यांच्या मिशांवर बसायचा. बोलणं जवळजवळ नसे. बागेत बायका घडांची विरळणी करत असायच्या, त्यांचं बोलणं येई आणि विरून जाई. मूठ पूर्ण झाली त्या दिवशी त्यांनी ती आधी आपल्या गालाला लावून बघितली. माझ्या हातात ती अशी बसली की पिस्तूल धरलंय हेच कळेना.

तरीही माझे गुण वाढेनात. पहिल्या तीस-चाळीस गोळ्या सुरेख जात, आणि शेवटच्या वीसमध्ये सगळं ओघळायचं. डोकं दुखायला लागे. सुभेदारांनी माझे बूट बदलले, उभं राहायचा कोन बदलला, मुठीवरून पुन्हा कानस फिरवली. सकाळी काय खाल्लं ते विचारायला लागले. मी मन लावत नाही, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. निवड चाचणी चार महिन्यांवर आली होती आणि मला स्वप्नात मागाचा खटका ऐकू यायला लागला होता.

एका सकाळी ते बागेच्या कुंपणापाशी उभे होते. त्यांच्या मागे वेलीवर शिंजिराचं, त्या बोटभर पाखराचं, घरटं होतं. ते दाखवायला मी शेडमधून बोट रोखलं आणि म्हटलं, "काका, मागं बघा." ते मागे वळलेच नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले. बोट खाली घे, पुन्हा दाखव, म्हणाले. पुन्हा. तिसऱ्यांदा. मग जवळ आले, मला माझ्या दोन्ही तळव्यांची लहान खिडकी करून तिच्यातून त्यांच्या नाकाकडे बघायला लावलं, आणि मग पायरीवर बसले. दर वेळी माझ्या बोटामागे त्यांना माझा डावा डोळा दिसला होता, आणि खिडकीतही तोच. मी उजव्या हाताची होते, पण माझा बघणारा डोळा, नेम आपोआप ज्याच्याशी जुळतो तो, डावा होता. दोन वर्षं मी त्यांच्याच सांगण्यावरून तो घट्ट मिटून, दुबळ्या डोळ्याने नेम धरत होते. शेवटच्या वीस गोळ्यांपर्यंत तो डोळा थकणारच होता.

"पोरी, मी तुझा हातच बघत राहिलो," ते म्हणाले. "डोळा बघितलाच नाय."

बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. एवढा मोठा माणूस आपल्यासमोर असा बसलेला बघून मलाच अपराधी वाटायला लागलं. नंतर त्यांनी मला दोन वाटा सांगितल्या. चष्म्याच्या चौकटीला पुठ्ठ्याची झापड लावून डावा डोळा झाकायचा आणि उजव्या हातानेच पुढे जायचं. कदाचित जमेल, संघात नावही येईल. किंवा पिस्तूल डाव्या हातात घ्यायचं, पहिल्यापासून. मग हे वर्ष गेलं. मी विचारलं, तुम्ही काय कराल? तर म्हणाले, आजवर मी निवडलं आणि चुकलो, आता तू निवड.

मी चार दिवस निवडलं नाही. पाचव्या दिवशी डावा हात म्हणाले. धाडस वगैरे काही नव्हतं. शिंजिराकडे बोट दाखवताना कसलीच ओढाताण होत नव्हती, तेवढं मला आठवत होतं.

सुभेदार दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने येवल्याला गेले. मी बरोबर होते, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही. मागाशेजारी सतरंजीवर बसून, पाण्याचा तांब्या तसाच समोर ठेवून, त्यांनी माझ्या वडिलांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, वर्ष तिचं गेलंय, तुम्ही आणखी एक द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. वडिलांनी आधी डोळ्याचा प्रकार समजून घेतला. मग अख्खं घर उंबऱ्यावर उभं राहून रस्त्यापलीकडच्या खांबाकडे बोटं रोखायला लागलं. आईचा डोळाही डावाच निघाला. आई एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. वडील मात्र मागावर जाऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, "चुकलेलं उकलायला आम्हाला लाज नाय वाटत, सुभेदार. उकला तुम्ही."

आणि ते वर्ष सुरू झालं. बावीस कपाटात गेलं. मी पुन्हा पांढऱ्या भिंतीसमोर, डावा रिकामा हात उचलून. पहिल्या सोमवारी शेजारी कोणी उभं राहिलं म्हणून बघितलं तर सुभेदार, त्यांचाही डावा हात वर. मी हसले. त्यांनी भिंतीवरची नजर न काढता सांगितलं, "मला ठाऊक नसलेलं तुला कसं शिकवू?" अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यभर उजव्या हाताने काळा गोल फोडला, तो माझ्यासोबत महिनाभर भिंत बघत उभा राहिला. मग आम्ही दोघांनी हवेचं पिस्तूल घेतलं आणि दोघांचेही छर्रे कार्डाच्या बाहेर गेले. बागायतदार चहा पिता पिता आमची खिल्ली उडवायचे. कधी डाव्या अंगठ्याची एखादी युक्ती सुभेदारांना सापडायची, कधी मला, आणि आम्ही ती एकमेकांना सांगायचो. धुकं यायचं, जायचं. बागेची छाटणी झाली, पानं आली. किती महिने झाले याचा हिशेब मी विसरून गेले होते. पावसाळ्याच्या शेवटी मी त्यांच्या पुढे गेले. ते जिथे होते तिथेच राहिले, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी त्याच शिसवाच्या उरलेल्या फळीतून डावी मूठ केली आणि मी बावीसवर परत आले. हिवाळ्यात राज्याच्या संघात माझं नाव आलं, यादीत सर्वांत खाली. वडील मुदतीचं पुन्हा कधी बोलले नाहीत. मी दहा वर्षं खेळले. फार मोठी झाले नाही, पण माझं मी जगले.

सुभेदार दोन वर्षांपूर्वी गेले, गावी, सकाळी अंगणात बसल्या बसल्या. मी तिथे पोचले तोवर सगळं उरकलं होतं. मला त्यांचा राग आला, वाट बघितली नाही म्हणून, आणि मग रस्ताभर रडू आलं.

आता त्या रेंजवर मी शिकवते. बागेच्या जागी इमारती झाल्या आहेत, धुकं तेवढं येत नाही. परवा परदेशात शिकून आलेले एक तरुण प्रशिक्षक भेटले. माझी गोष्ट ऐकून त्यांना हळहळ वाटली. ते म्हणाले, मॅडम, कितीतरी नामांकित नेमबाज असेच उलट डोळ्याचे आहेत, झापड लावून सहज खेळतात. हात बदलायची काहीच गरज नव्हती, तुमचं एक वर्ष उगाच वाया गेलं. त्यांचं बरोबर असावं. मी वाद घातला नाही. त्या वर्षी मी वीस वर्षांची होते, सुभेदार अडुसष्टचे, आणि त्या शेडमध्ये आम्ही दोघंही नवशिके होतो.