निळ्या रंगाखालचा हात

मिलिंददादाच्या गिटारवर कुणी फडका फिरवला की तो अंगावर धावून येई. एरवी साधा माणूस. दिवसभर हळदीच्या आडतीवर पोती उचलायची आणि संध्याकाळी पिवळ्या हातांनीच आमच्या गायन पार्टीच्या तालमीला यायचं. पण गिटार पिशवीतून बाहेर आली की हुकूम ठरलेला, "धूळ बसली तर बसू दे. पुसायचं न्हाई."

मी त्या पार्टीत ढोलकी वाजवायचो. हिंगोलीत आमच्या वस्तीत ढोलकीवाले पैशाला पासरी, बेस गिटार मात्र एकच. दादाच्या धाकट्या भावानं, राहुलनं, ती हैदराबादच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणली होती. तेव्हाच तिच्या तपकिरी रंगाला बारीक तडे गेले होते. राहुल ती वर्षानुवर्षं वाजवत राहिला आणि जिथं त्याचा उजवा हात टेकायचा, तिथला रंग झिजून आतलं लाकूड उघडं पडलं. नव्वदच्या दशकात त्याला कावीळ झाली आणि चांगला उंचापुरा पोरगा हा हा म्हणता गेला. मग दादानं ती गिटार गळ्यात घातली. कार्यक्रमाआधी तो त्या झिजलेल्या जागेवर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राही, आणि आम्ही सगळे उगाच इकडंतिकडं बघत असू.

आमचे गायक वैतागायचे. "मिलिंद, आपण स्टेजवर पांढरेशुभ्र कपडे घालून जातो अन् तुझ्या गळ्यात हे भंगार! रंग मारून घे की."

"पार्टीतून काढा मला. रंग न्हाई मारणार."

"काहून पण?"

"फोटोत नुसतं तोंड हाय त्याचं. हात इथं हाय."

गायक पुन्हा पेटीकडे वळायचे.

एका वर्षी जयंती जवळ आली. आमच्याकडे जयंतीच्या आधी सगळं रंगतं. घरं, ओटे, विहाराची जाळी, कुणाची सायकलसुद्धा. दादा आडतीवर गेलेला. विहाराची जाळी रंगवून पेंटर दादाच्या दारावरून चालला होता, डब्यात निळा रंग उरला होता. दादाच्या आईनं, आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो, खुंटीवरची गिटार काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानंही बिचाऱ्यानं मन लावून रंगवली.

मी तालमीला बोलवायला गेलो तेव्हा गिटार अंगणात बाजेवर वाळत होती. निळीशार, चकचकीत. दादा तिच्यासमोर उकिडवा बसला होता.

"माय, हे काय करून बसलीस?"

माय आधी हसत होती. "जयंतीला लेकराला जुन्या कापडात धाडतेत का रे?" मग त्याचा चेहरा बघून ती खालीच बसली. "जाता-येता ती उघडी जागा माझ्या डोळ्यापुढं. तुला त्याचा हात दिसून राहिला, मला जखम दिसून राहिली. रोज मरून राहिला माझा राहुल्या. किती सोसू मी?"

एवढा तापट माणूस, पण तो उठला आणि दुकानाकडे गेला. त्यानं टर्पेंटाइन आणलं आणि आधी खालच्या कोपऱ्यात चिंधी घासून बघितली. निळा रंग निघाला आणि त्याच्यामागोमाग जुना तपकिरीही सुटून आला. दादानं चिंधी टाकून दिली. "खाली हाय त्याचा हात," तो म्हणाला. "पण काढाया गेलं तर त्योबी निघंल." त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग त्यानं एक वेडच घेतलं. राहुल जसा हात टेकायचा तसाच टेकून वाजवायचं. झिजेल निळा रंग, निघेल खालचं लाकूड. पुढे पार्टीत कीबोर्ड आला, बेस त्याच्यातच वाजू लागला आणि दादाला बोलावणं बंद झालं. तरी तो घरी स्पीकरशिवाय वाजवत बसे. हाताची कातडी सोलवटायची. शेवटी एका जागी निळा रंग उडाला, पण आत तपकिरी निघाला, लाकूड नाही.

"जागा खाली उतरली बघ," त्यानं मला दाखवलं. "राहुल उंच. माझा हात त्याच्या जागी पडतच न्हाई." आणि पुन्हा वाजवायला लागला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मायची दृष्टी गेली त्यानंतरची गोष्ट. मी भेटायला गेलो होतो. तिनं गिटार मागितली, दादानं तिच्या मांडीवर ठेवली. माय चाचपडत राहिली. बोटं निळा रंग उडालेल्या खरबरीत जागेवर आली आणि थांबली.

"मिल्या, हाय की रे! रंगानं गेला न्हाई. राहुल्याचा हात हाय तसाच हाय."

मी दादाकडे बघितलं.

"व्हय माय," तो म्हणाला. "त्याचाच हाय."

ती त्या जागेवरून हात फिरवत राहिली, गालावरून फिरवावा तसा. दादा बाहेर आला, मी त्याच्या मागोमाग. भिंतीला टेकून तो तोंडात उपरणं कोंबून रडत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"माझा हात व्हता की रे त्यो," तो म्हणाला.