तिच्या सहा पट्ट्या, माझ्या दहा

माझ्या धाकट्या जावेला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला मिस्त्री म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथे तिचं टायरचं दुकान. तिच्या वडिलांचंही हेच काम होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात टायर उचकटायच्या दोन लोखंडी सळया होत्या. सासूबाईंनी त्या कपाळाला लावायचंच तेवढं बाकी ठेवलं. मी आले तेव्हा स्वतः विणलेल्या चादरी आणल्या होत्या. त्या कुठल्या कपाटात गेल्या ते आता मलाही सांगता येणार नाही.

हे मी मत्सराने लिहिते आहे, ते आधीच कबूल केलेलं बरं. रोज सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा देवाकडे मागणं एकच असतं, माझ्या मनातली ही जळजळ काढून टाक. आणि डोळे उघडायच्या आत दुसरं मागणं तोंडातून निसटतं, तिचा एखादा तरी नट ढिला राहू दे. देव कुठलं ऐकतो, कळायला मार्ग नाही.

दिसायला ती बुटकी, दंड भरलेले, केस सदा कापडात बांधलेले. बोलणं मोजकं. गिऱ्हाईक फार शहाणपणा शिकवायला लागलं की सळई त्याच्या हातात देते आणि म्हणते, "करा तुम्ही. मी बघते." मग ते गिऱ्हाईक बाकावर गपगुमान बसतं. जेवायला येते तेव्हा नखांत काळं असतं. मी तशी ताटावर बसले असते तर सासूबाईंनी उठवलं असतं. तिला म्हणतात, "कष्टाचे हात आहेत बाई." माझे हात दिवसभर पाण्यात असतात, ते मात्र कुठल्याच कष्टात धरलेले नाहीत.

भावजी लांबच्या ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे घरात बोलायला माणूस म्हणजे आमचे हे. आणि ह्यांचं बोलणं मिस्त्रीपाशी सुरू होतं नि मिस्त्रीपाशी संपतं.

गाव संपतं तिथे वाळूच्या टेकड्या लागतात. ह्यांची एटीव्ही आहे. मोटारसायकलसारखं पाय टाकून बसायचं, पण चार जाड चाकांवर चालणारी गाडी. तिच्यावरून हे पाहुण्यांना टेकड्यांत फिरवून आणतात. गाडी जुनी, इंजिन लहान. यंदा सगळ्यांत उंच टेकडीच्या माथ्यावर कुणीतरी तंबूंची छावणी उभारली. पाहुण्यांना खालून वर न्यायला छावणीला एकच गाडीवाला हवा होता. तसं काम मिळालं तर वर्षभराची निश्चिंती, नाही तर पाहुण्यांच्या मागे हाका मारत हिंडणं आहेच. छावणीच्या व्यवस्थापकाने शनिवारी सकाळी चढाव करून दाखवायला बोलावलं. बोलावणं दोघांना होतं. दुसरा न्हाव्याचा भाऊ. त्याची गाडी नवी, इंजिन दांडगं, आणि बायको माझ्याशी नळावर बोलताना हनुवटी वर करून बोलणारी.

आमच्या गाडीचे मागचे टायर साधे. वाळूत ते जागच्या जागी फिरायचे आणि स्वतःसाठी खड्डा खणायचे. वाळूसाठी वेगळे टायर असतात. त्यांना पॅडल टायर म्हणतात, कारण त्यांच्यावर वल्ह्यासारख्या उंच आडव्या पट्ट्या असतात. होडी पाणी मागे लोटते तशी ही पट्टी वाळू मागे लोटते.

सोमवारी दुपारी हे शेडमध्ये गेले. मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने दाराशी होते.

"किती पट्ट्यांचे घेऊ, मिस्त्री?"

"सहा."

"अगं, न्हाव्याच्या भावाने दहा लावल्यात."

"त्याचं इंजिन केवढं, दादा? पट्टी जितकी जास्त तितकी वाळू जास्त उचलायची. उचलणार कोण? इंजिनच ना? तुमचं पोर आहे, त्याच्या डोक्यावर पोतं द्याल का?"

हे हसले. माझ्या बोलण्यावर हे शेवटचे असे कधी हसले ते ह्या वहीची मागची पानं चाळून शोधावं लागेल.

"आणि पुढचे?"

"पुढचे गुळगुळीत, मधोमध एक कड असलेले. तिथे पट्ट्या लावल्या तर वळणार कसे? ते माझ्याकडे पडून आहेत. मागचे तेवढे मागवू."

मग एक ट्रक आला. तिने तेलाचे हात वर धरूनच मला हाक मारली, "जाऊबाई, एवढा फोन कराल का शहरातल्या दुकानात? मागचे दोन, सहा पट्ट्यांचे. माझे हात भरलेत."

मी आत गेले, फोन लावला. दुकानदाराने विचारलं, "किती पट्ट्यांचे, वहिनी?" माझ्या डोळ्यांपुढे ती नळावरची हनुवटी आली. त्यांना दहा आणि आम्हाला सहा? आणि मिस्त्रीला तरी काय, ह्यांची गाडी कमी दिसली काय नि जास्त दिसली काय. आम्हाला लहानच ठेवायचं तिने मनात घेतलंय, असं मला अगदी खरोखर वाटलं. मी म्हणाले, "दहा." फोन ठेवला आणि जपमाळ घेऊन बसले. बोटं मणी ओढत होती, मन मोजत होतं, आठ, नऊ, दहा.

टायर गुरुवारी सकाळी आले. कागद फाडला आणि ह्यांनी मोठ्याने मोजल्या. "दहा? मिस्त्री, तू सहा म्हणालीस ना?"

तिने टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओढणीच्या टोकाला नसलेल्या गाठी सोडवत होते. आता ही बोलणार, सासूबाई बाहेर येणार, हे मला काय म्हणतील, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"सहाच म्हणाले होते," ती म्हणाली. "पण गडबडीत जाऊबाईंना दहा सांगितलं गेलं असेल माझ्याकडून. ट्रक आला होता ना."

"एवढ्या महत्त्वाच्या वेळी?" ह्यांचा आवाज चढला. "बदलून यायला आठ दिवस लागतील! परवा चढाव आहे, काय तोंड दाखवू?"

ह्यांनी मिस्त्रीला बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. किती वर्षं वाट पाहिली होती. एक घोट गोड लागला, खोटं कशाला लिहू. पण तेवढ्यात सासूबाई चौकटीत येऊन म्हणाल्या, "ओरडतोस काय? चूक लगेच कबूल केली पोरीने. आहे का कुणाची छाती एवढी?" आणि तेही माझ्याकडे पाहून. झालं. चूक माझी, आणि त्या चुकीचीही शाबासकी तिलाच.

टायर चढवून घरामागच्या छोट्या टेकडीवर हे गाडी घेऊन गेले. अर्ध्यावर इंजिन धापा टाकायला लागलं, मग बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. न्हाव्याच्या भावाची बायको कुंपणाशी उभी राहून बघत होती. हे गाडी ढकलत खाली आले. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत नुसताच राग होता.

मिस्त्री टायरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "एकाआड एक कापू. राहतील पाच. थोडं कमीच, पण इंजिनाला झेपेल."

"कोरे टायर कापायचे?" हे जवळजवळ रडकुंडीला आले.

"मग शनिवारी ढकलत वर न्या."

शुक्रवारी सकाळपासून ती कापत होती. धारदार सुरी साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि रबरातून सावकाश ओढायची. एकाआड एकच हवी, शेजारची चुकून गेली तर टायरचा तोल गेला. मी टायर धरून बसले होते, ती सांगेल तसा फिरवत. मला वाटलं आता तरी एकटीला गाठून काही म्हणेल. एकदा तिने तोंड उघडलंही.

"घट्ट धरा. झोपलात काय?"

एवढंच. माझ्या पायाशी कापलेल्या पट्ट्या पडत गेल्या. तिच्या तळहाताला फोड आला तर तिने त्यावर फडकं गुंडाळलं. शिव्या घातल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या. त्या गप्प बसण्याला काय परत देणार?

शनिवारी सकाळी आम्ही तिघी टेकडीच्या पायथ्याशी उभ्या होतो. व्यवस्थापक आणि छावणीचे दोन पाहुणे माथ्यावर. न्हाव्याचा भाऊ आधी निघाला. डरकाळी फोडत गेला, आमच्या निम्म्या वेळात पोचलाही असेल. पण माथ्यावर वळताना त्याच्या दहा पट्ट्यांनी वाळूचा असा फवारा उडवला की व्यवस्थापक, पाहुणे आणि तंबू सगळे न्हाऊन निघाले.

"गिऱ्हाइकांच्या डोक्यावर फवारा! भावाचा धंदा ह्यानेही सुरू केला की काय!" सासूबाई म्हणाल्या.

मग आमचे हे निघाले. मागे वजन म्हणून पाण्याचे भरलेले कॅन बांधले होते. इंजिन कण्हत होतं, पण एका सुरात. मधल्या उभ्या चढाला ते मंदावलं तेव्हा मी देवाला म्हणाले, तिचंच खरं होऊ दे. हे मागणं मागताना मला किती जड गेलं ते त्यालाच माहीत. गाडी थांबली नाही. वर पोचली, हळूच वळली. खाली येऊन ह्यांनी सांगितलं, व्यवस्थापक तोंडातली वाळू थुंकत म्हणाला, सोमवारपासून या.

घरी येऊन हे बाकावर बसले आणि सुरू झाले. "हिची चूक, पण निस्तरली कशी! हात फोडून घेतला पोरीने. मी उगाच बोललो तुला, मिस्त्री." सासूबाई म्हणाल्या, "असं माणूस घरात असायला भाग्य लागतं." मिस्त्री खाली मान घालून फडकं सोडत होती, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक लहानसं हसू होतं. ते मी पाहिलं. हुशारी तिची, हात तिचे, आणि आता माझं पाप पदरात घेऊन मोठं मनही तिचंच? तेवढं मी तिला घेऊ देणार नव्हते.

"दहा मी सांगितले," मी म्हणाले. "तिने सहाच सांगितले होते. फोनवर मी बदललं."

ह्यांनी विचारलं, "दहा कशाला पण?"

"त्यांना दहा होते म्हणून."

मिस्त्रीचा चेहरा पडला. "जाऊबाई, झालं गेलं ना सगळं? कशाला बोललात?" तिच्या आवाजात राग होता, हातातलं काही काढून घेतल्यासारखा. देव क्षमा करो, मला फार बरं वाटलं.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. सासूबाईंना दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून दम लागला.

आज सकाळी शेडमधून हाक आली, "जाऊबाई, मोकळ्या आहात का?" मी हात पुसत गेले. तिने माझ्या हातात हवा मोजायचं यंत्र दिलं. वाळूवर जाताना टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवायची, पायाने दाबला तर पोट बाहेर यायला हवं, परत येताना भरायची, हे तिने दाखवलं. "दादा विसरतात. रोज निघताना तुम्ही बघायची." मी चारही टायर मोजले. पहिल्याच वेळी बरोबर आले.

सासूबाई दारात येऊन कौतुकाने बघत होत्या. मी मान जरा वर केली.

"वा गं मिस्त्री," त्या म्हणाल्या, "मोठीलासुद्धा शिकवलंस!"