मांडवाची गल्ली

आमच्या घराला लागून पंधरा फुटांची एक गल्ली होती, ती नगरपालिकेने मला देऊन टाकली. ऐकायला किती बरं वाटतं! माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल, देऊन नाही टाकली, आळीकडून काढून घेतली. आई ऐंशीच्या पुढे आहे, पण माझ्यावर रुसायची तिची ताकद अजून शाबूत आहे.

अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला आमची आळी. सगळी आगऱ्यांची घरं, एकाला एक चिकटलेली. मोकळी जागा म्हणाल तर ही एकच गल्ली. पूर्वी ती मागच्या शेतांकडे जायची. मग शेतं गेली, मागे टॉवर आला आणि गल्ली टॉवरच्या भिंतीला जाऊन थडकली. एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला नाला. रस्ता म्हणून तिचा उपयोग शून्य, पण आळीतल्या प्रत्येक लग्नाचा मांडव तिथेच पडायचा.

आणि मांडवाआधी नारळ यायचा. लग्नघरातला वडीलधारा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बाबांच्या हातात पानसुपारी आणि नारळ ठेवायचा. "मांडव घालतो हां." बाबा म्हणायचे, "घाला की." बस्स, एवढंच. जागा सरकारची, पण मान आमचा. कळत्या वयापर्यंत मला वाटायचं, गल्ली आमचीच आहे. आळीतल्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटत असावं.

काय दिवस होते ते! मांडवाच्या दिवशी सकाळपासून आळीतले बाप्ये गोळा व्हायचे. कापड आणायला कोणीतरी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये पिटाळलेला असायचा. तिथल्या सिंधी दुकानदाराला आमच्या गल्लीचं माप तोंडपाठ होतं. खांबांचे खड्डे वर्षानुवर्षं तेच. वरची माती दगडासारखी, पण पहार ठोकत गेलं की खड्ड्याच्या जागी आवाज बदलायचा. तो ओळखण्यात माझी आई पटाईत. बाप्ये घाम गाळत भलतीकडेच पहार मारत बसायचे आणि ही ओट्यावर तांदूळ पाखडता पाखडता ओरडायची, "तिथं नाय रं! हातभर डावीकडं!" आणि पहार बरोबर आत जायची. पहिल्या खांबाला उंबराची फांदी बांधली की बायका गाणी धरायच्या. तांदळाच्या भाकऱ्यांचा धूर डोळ्यांत जायचा. तसा वास आता कुठल्याच हॉलात येत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

एकदा बाबांचं समोरच्या काकांशी वाजलं. कारण काय, तर नळाचं पाणी. दोन वर्षं बोलणं बंद. मग काकांच्या मुलीचं लग्न निघालं. काका नारळ घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बाबा आतून हलेनात. शेवटी आईच उठली, पदर सावरून तिने नारळ घेतला आणि आत येऊन बाबांना म्हणाली, "जागा काय तुमच्या बापाची हाय? सरकारची हाय. नाय बोलनारं तुमी कोन?" बाबांना हसू आलं. तासाभरात दोघं मिळून खड्डे उकरत होते. बाबा त्या हळदीत इतके नाचले की दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना.

बाबा गेले. त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, नगरपालिकेची नोटीस लागली. गल्ली रस्ता म्हणून आता नको आहे, लगतच्या घरमालकाने अर्ज करावा, कोणाची हरकत असेल तर त्याने सुनावणीला यावं. लगतचा घरमालक म्हणजे मी एकटाच. मुलाला गाडी लावायला जागा हवी होती आणि मीही मनातले मांडे खात होतो. सुनावणीला आळीतून कोणीच आलं नाही. यायचं कशाला? गल्ली तुमचीच तर आहे, म्हणाले. आई मात्र "मी पन येतंय" म्हणून हट्टाने रिक्षात बसली.

साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

आईने हात वर केला. "माजी हाय."

"आजी, जागा तुमच्या मुलालाच मिळतेय."

"म्हनूनच हरकत हाय," आई म्हणाली. "सरकारची व्हती म्हनून मांडवाला कोनाला नाय बोलता येत नव्हतं. याची झाली का यो नाय बोलंल. बापासारखाच तापट हाय."

सगळं ऑफिस हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरचा भेदी म्हणतात तो हा! साहेब भला माणूस, त्याने हरकत लिहून घेतली, पण मांडवासाठी रस्ता ठेवता येत नाही म्हणाला. जागा माझी झाली. महिन्याभरात मी गेट बसवलं, सिमेंटचे ब्लॉक टाकून घेतले आणि गाडी लावली. आईने त्या ब्लॉकवर पाऊल म्हणून ठेवलं नाही.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं की पहिला नारळ येऊ दे, हसत "घाला" म्हणायचं आणि म्हातारीला खोटं पाडायचं.

यंदा त्याच काकांच्या नातीचं लग्न ठरलं. मी रोज ओट्यावर बसून वाट बघायचो. नारळ आलाच नाही. पत्रिका आली. हळद आणि लग्न दोन्ही बदलापूरला, सोनिवलीकडच्या हॉलात. मी तसाच तणतणत काकांकडे गेलो. "काका, मांडव?"

काकांनी मला आधी खाली बसवलं. "अरे, सरकारच्या जागेला नारळ आनायची लाज नाय वाटायची. आता ती तुज्या घरातली जागा झाली. तिथं कसं मागू? आनि तुजे ब्लॉक फुटायचे."

आईचा अंदाज चुकला होता. मला नाही म्हणायची वेळच आली नव्हती. मला कोणी विचारणारच नव्हतं. घरी येऊन तिला सांगितलं. वाटलं, आता "मी बोलले व्हते" ऐकावं लागणार. पण देवापुढचा नारळ उचलून तिने माझ्या हातात ठेवला आणि पानसुपारी शोधायला लागली.

उभ्या आयुष्यात आमच्या घरातून कोणी नारळ घेऊन बाहेर पडलं नव्हतं. मी काकांच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो. "काका, मांडव आमच्या दारात घाला." काकांनी नारळ घेतला, कानाशी हलवून बघितला. "पानी हाय ना रं यात?" म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवू कशाला? लग्नाचा हॉल ठरलेलाच होता, पण हळद आळीत करायचं त्यांनी कबूल केलं.

मांडवाच्या सकाळी मुलाने गाडी बाहेर काढली आणि पहार हातात घेतली. पण ब्लॉकवर कुठेही ठोका, आवाज एकच. खड्डे कुठे आहेत, कोणाला कळेना. तेव्हा आई ओट्यावरून उतरली. चपला काढून, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या ब्लॉकवर आली. आमच्या भिंतीला हात लावत पावलं मोजत गेली आणि थांबली. "हितं नाय. हातभर डावीकडं."

चार ब्लॉक उचकटले. खाली पहार सरळ आत गेली.

हळद होऊन महिना झाला. ते चार ब्लॉक ओट्याखाली पडून आहेत. मुलगा म्हणतो, गाडीचं चाक खड्ड्यात जातं, बसवून टाकूया. मी म्हटलं, गाडी हातभर डावीकडे लाव.