हवालदारची गुरगुर

मिस्तरींचा कान पक्का होता. धुलाई कारखान्यातला बॉयलर त्यांनी एकतीस वर्षं सांभाळला, त्यातली निम्मी तरी नुसत्या कानाने. पाणी उतरलंय की जाळ जास्त झालाय, हे त्यांना काट्याकडे पाहण्याआधी कळे. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका म्हणत, "मिस्तरींना आमच्या पोटातले कावळेसुद्धा ऐकू येतात."

त्यांची एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जाई. बॉयलरमधला दाब वाढला की वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा आणि अशी किंकाळी फोडायचा की भिंती हादराव्यात. मॅनेजरचं ऑफिस नेमकं त्याच्या डोक्यावर. एकदा ते वैतागून खाली आले. "मिस्तरी, त्याच्या नरड्यावर काहीतरी वजन ठेवा. कान किटले माझे." मिस्तरींनी हातातला पाना त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा साहेब. फक्त मला आधी फाटकाबाहेर पोचू द्या." साहेब पाना धरून उभे. मग मिस्तरी म्हणाले, "ते ओरडतंय तोवर आपण आहोत. गप्प बसलं की पळायचं." साहेबांनी पाना ठेवला आणि जिना चढून गेले. पुढे फोनवर बोलताना शिट्टी झाली की ते गिऱ्हाइकाला सांगत, "आमचे मिस्तरी आहेत, जरा बोलतायत."

कारखान्याच्या फाटकावर एक कुत्रा होता. वासराएवढा, पंजे बशीएवढे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हुंगून मगच आत सोडायचा, म्हणून त्याचं नाव पडलं हवालदार. सात वर्षं मिस्तरींच्या डब्यातला शेवटचा घास त्याचा होता. थंडीत तो बॉयलरच्या उबेला येऊन बसे आणि दोघं न बोलता आपापली नोकरी करत.

मग फाटकावर कॅमेरे आले. मॅनेजर म्हणाले, "कॅमेरा भुंकत नाही, चावत नाही आणि खायलाही मागत नाही. उद्या गाडी येईल, घेऊन जाईल याला." कुठे घेऊन जाईल हे कुणी विचारलं नाही. त्या दुपारी पाळी संपल्यावर मिस्तरींनी हवालदारचा पट्टा हातात घेतला आणि त्याला चालवत घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं, मागे सिमेंटचं चौकोनी अंगण. बायको गेल्यापासून तीन वर्षं त्या घरात भांडं पडल्याचा आवाजसुद्धा मिस्तरींना स्वतःच करावा लागे. मग चार महिन्यांपूर्वी लेक आली, एक सुटकेस आणि दोन मुलं घेऊन. नात साडेतीन वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. नातू दहा महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. तो कुठेही ठेवला तरी तिथून सरपटत निघायचा. मिस्तरींची पाळी पहाटे पाच ते दुपारी एक. लेक दोन वाजता औषधाच्या दुकानात कामाला जाई. मधला तासभर काय तो सगळ्यांचा मिळून, त्यानंतर मुलं आजोबांच्या ओटीत.

लेकीने दारातच वाट अडवली.

"बाबा, हे काय?"

"हवालदार."

"ते दिसतंय. कशाला आणलाय?"

"राहील गं मागे. म्हातारा झालाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"घरात पोर रांगतंय. त्याचं अख्खं डोकं याच्या जबड्यात मावेल."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाईंनी मान वर काढली. "मिस्तरी, कुत्रा म्हणून घोडा गळ्यात मारला की काय कुणी? खोगीर शिवून देऊ?"

"द्या की. माप घ्यायला तुम्हीच या."

"नको हो. मला माझे हात अजून लागतात."

लेक हसली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, एकदाच सांगते. पोरांवर हा एकदा जरी गुरगुरला, तर तो तरी जाईल, नाहीतर मी तरी. ज्या घरातून आलेय तिथे गुरगुरणं पोटभर ऐकलंय मी. आता पुरे."

"नाही गुरगुरणार," मिस्तरी म्हणाले. "मी बघतो."

पहिले पंधरा दिवस बरे गेले. भिंगरीने हवालदारच्या कानांना चिमटे लावले, शेपटीला फडकं बांधलं, पाठीवर मांड ठोकली. लेकीने मोबाइलवर फोटो काढला आणि दुकानातल्या सगळ्यांना दाखवला. "देवमाणूस आहे कुत्र्यातला," ती स्वतःच एका रात्री जेवताना म्हणाली. मिस्तरींना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. घर भरलेलं होतं आणि अंगणातही कुणीतरी होतं.

दुपारी अंगणातलं सिमेंट तापे, तेव्हा हवालदार घरात असे. तिसऱ्या आठवड्यात, अशाच एका दुपारी, त्यांना एक आवाज आला. जमिनीखालून यावा तसा. आधी वाटलं शेजारचा पंप सुरू झाला. मग वळून पाहिलं, तर भिंगरी हवालदारच्या कमरेवर बसून टाचा मारत होती आणि आवाज त्याच्या छातीतून येत होता. दात दिसत नव्हते. त्याची मान वळून मिस्तरींकडे होती.

मिस्तरींनी आधी नातीला उचललं. मग हवालदारचं तोंड मुठीत आवळलं आणि डोळ्यांत बघून म्हणाले, "गप."

खरं तर तेव्हाच त्यांनी विचारायला हवं होतं की हा आजच का बोलला, कमरेवरच का. पाण्याचा थेंब चुकीच्या जागी दिसला तर सगळा पाइप खोलून बघणारा माणूस. पण त्यांच्या कानात त्या वेळी दुसराच आवाज होता, सुटकेसच्या चेनचा.

लेकीला त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या काही दिवसांत तो आठ-दहा वेळा गुरगुरला. दर वेळी दुपारी, दर वेळी मुलं अंगाशी आल्यावर. दर वेळी मिस्तरी चप्पल काढून नाकावर हाणत. जोरात नाही, पण न चुकता. "गप." कारखान्यात नवी सवय लावायची तर तीही अशीच लागते, रोज, त्याच वेळी, तशीच. हवालदार मग उठून कोपऱ्यात जाई. धाकटा रांगत तिथे पोचे. मग हवालदार टेबलाखाली जाई, भिंगरी मागोमाग आत शिरे. मागच्या दारापाशी जाऊन उभा राही, पण उन्हात पोर त्याच्यामागे बाहेर जाईल म्हणून मिस्तरींनी कडी लावलेली असे. तेव्हा तो ओठ चाटे आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसे.

"लाजतो बघ," मिस्तरी नातीला सांगत.

महिना भरायच्या आत गुरगुरणं थांबलं. एका दुपारी भिंगरी सबंध त्याच्या अंगावर आडवी झाली तरी हूं नाही की चूं नाही. मिस्तरींनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. बिघडलेलं काहीतरी दुरुस्त झाल्याचं समाधान होतं ते. संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून त्यांनी शेजारीणबाईंना सांगितलंसुद्धा, "आता ढिम्म हलत नाही. साधू झालाय नुसता."

"साधूंचं काही सांगू नका मला," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मौनी माणसाबरोबर वीस वर्षं संसार केलाय मी."

ती दुपार इतर दुपारींसारखीच होती. धाकटा झोपलेला. मिस्तरी ओट्याशी दूध कोमट करत होते, पाठ खोलीकडे. मागे भिंगरीचा खेळ चालू होता. आजोबांच्या कारखान्यातली इस्त्री तिने एकदा पाहिली होती, वाफ सोडत चादरीवर दाबत नेणारी. तेव्हापासून एक लाकडी ठोकळा घेऊन ती घरभर इस्त्री करत सुटायची. उशीला, भिंतीला, आजोबांच्या पाठीला.

"आबा, हवालदारला सुरकुत्या पडल्यात."

"मग कर इस्त्री."

"दाबून करू?"

"कर."

त्यानंतर गुरगुर झाली असती तर ते तीन पावलांत पोचले असते. आवाजच झाला नाही. फक्त ठोकळा फरशीवर पडल्याचं त्यांनी ऐकलं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग नात ओरडली.

एकच चावा होता. हवालदारने लगेच सोडलं आणि तो भिंतीला चिकटून उभा राहिला, शेपटी पोटाशी घेऊन. लघवीचं थारोळं त्याच्या पायांखाली पसरत होतं. मिस्तरींनी हाताला लागलेला टॉवेल नातीच्या गालावर दाबला, धाकट्याला शेजारीणबाईंच्या हातात जवळजवळ टाकलं आणि रस्त्यावर धावत सुटले.

डोळ्याखालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत अठ्ठावीस टाके. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला. नस दुखावली आहे, हसताना हा कोपरा वर उचलला जाईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. भिंगरीच्या खालची चादर मिस्तरींच्याच कारखान्यातून आलेली होती. कोपऱ्यातला शिक्का, मधली कडक घडी. त्या घडीवरून त्यांचा अंगठा सारखा फिरत होता.

लेक दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून आली. तिने आधी मुलीच्या गालावरची पट्टी पाहिली. मग तिने विचारलं, "बाबा, तो आधी कधी गुरगुरला होता?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"कधीच नाही गं. एकदम झालं."

"कसं काय?" ती म्हणाली. "काहीच न सांगता?"

मिस्तरी चादरीकडे बघत राहिले.

चावलेल्या कुत्र्याला रेबीज तर नाही ना हे बघायला दहा दिवस नजरेखाली ठेवतात. हवालदारला जनावरांच्या दवाखान्यातल्या पिंजऱ्यात ठेवलं. मिस्तरी पाळी संपवून रोज तिथे जात, गजांबाहेर बसत, मग इस्पितळात. सहाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर स्वतः आत शिरले. उतारवयाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी हवालदारच्या पाठीवरून हात खाली आणत कमरेच्या सांध्यावर बोटं टेकवली. हवालदारचं सगळं अंग ताठ झालं. त्याने ओठ चाटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सांधा पार झिजलाय," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर तरी दुखत असणार. इथे बोट लावलं तर माणूस शिव्या घालेल. हा तोंड उघडत नाही. पहिल्यापासून असाच मुका?"

मिस्तरी गजांशी सरकले.

"गुरगुरायचा का कधी?"

"गुरगुरायचा."

"मग?"

"मी मोडली सवय."

डॉक्टरांनी वर पाहिलं. पिंजऱ्याचं दार लावलं, नळाखाली हात धुतले, सावकाश पुसले. "म्हणजे त्याने सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि पुढच्या जनावराकडे गेले.

अकराव्या दिवशी इंजेक्शन ठरलं. रोग नव्हता, पण घरी नेता येत नव्हतं आणि दुसरं कुणी घेणार नव्हतं. मिस्तरींनी त्याला धरलं. डॉक्टर सुई भरत होते तेवढ्यात त्यांनी आपला हात हवालदारच्या कमरेवर ठेवला आणि अगदी हलकेच दाबला. "बोल," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "बोल रे एकदा." हवालदारने त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकवली. त्याने आवाज केला नाही. शेवटपर्यंत नाही.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. पहिली गुरगुर कधी झाली, किती वेळा झाली, चप्पल, मागच्या दाराची कडी. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. जनावरांचे डॉक्टर काही घरी येणार नव्हते. लेक ओट्याला टेकून उभी राहून ऐकत होती.

"माझ्यापासून लपवलंत."

"हो."

"मी जाईन म्हणून?"

"हो."

तिने नळ उघडला, बंद केला. "म्हणजे मी ती अट घातली नसती तर..."

"नाही," मिस्तरी म्हणाले. "अट तुझी होती. चप्पल माझ्या हातात होती."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने भाजी चिरायला घेतली. आठवड्याभरात इस्पितळाजवळ एक खोली बघितली आणि तीच सुटकेस बाहेर काढली. ती कामावर असताना मुलांना सांभाळायला शेजारीणबाईंची बहीण येणार होती. निघताना तिने वाकून नमस्कार केला नाही, दारही आपटलं नाही. म्हणाली, "डब्यात दोन दिवसांचं करून ठेवलंय."

कारखान्यात मिस्तरी वेळेवर जात राहिले. व्हॉल्व्हची गोष्ट मात्र कुणी काढली की ते उठून बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच पुसायला लागत. एक-दोनदा असं झाल्यावर बायकांनी ती सांगणं सोडून दिलं.

ड्रेसिंगला आबाच पाहिजेत, असा भिंगरीचा हट्ट होता, म्हणून लेक फोन करी. "उद्या दहाला या," एवढंच. मिस्तरी पाळी बदलून घेत आणि अर्धा तास आधीच पोचून बाकावर बसत.

त्या दिवशी जखमेची एक कडा पिकली होती. परिचारिकेने चिमट्यात कापूस धरला आणि भिंगरीने पाय झाडायला सुरुवात केली. तिचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावायला लागले.

"गप, भिंगरी," लेक तिचे हात धरत म्हणाली. "शहाणी ना तू? गप बस बघू. अजिबात आवाज नको."

भिंगरीने खरंच ओठ मिटले. श्वास कोंडून तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"नको," मिस्तरी म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की परिचारिकेचा हात थांबला. "नको गं. तिला गप म्हणू नको."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत पाहिलं. तिच्या नजरेत माफी नव्हती. पण ती वाकली आणि मुलीच्या कानाशी म्हणाली, "कुठे दुखतंय सांग. ओरड हवं तेवढं." मग मागे न बघता, "बाबा, तुम्ही बाहेर बसा."

ते बाहेर बाकावर येऊन बसले. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून ती किंकाळी आली, लांब, भिंती हादरवणारी, आणि बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मिस्तरींनी आपले हात मांडीखाली दाबून धरले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.