सोबतीचे तास

कॉलेजात त्यांना सगळे परदेशताई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याच्या मनात थोडी थट्टा नक्कीच असणार. परदेशताईंनी आयुष्यात एकदाही परदेश पाहिलेला नव्हता. तरुणपणी इतिहास शिकवत असताना एका दूरच्या विद्यापीठाने वर्षभरासाठी बोलावलं होतं. त्याच उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पासपोर्ट कोराच राहिला. त्याचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही. पुढे कॉलेजने परदेशी देवाणघेवाणीचा विभाग काढला, तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "द्या माझ्याकडे."

विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. आधी तिथे खेळाचं सामान ठेवत असत. अजूनही ऊन चढलं की रबरी चेंडूंचा वास येई. भिंतीवर तीन घड्याळं होती, तीन देशांची. त्यातल्या एका देशातल्या कॉलेजाशी असलेला करार कधीच संपला होता, पण घड्याळ चालू होतं आणि चालतं घड्याळ उतरवायला कुणाचा हात धजत नव्हता.

कॉलेज लहान, पण स्वभावाने हौशी. भौतिकशास्त्राच्या मुलाने कविता वाचावी, साहित्याच्या मुलीने संख्याशास्त्राशी दोन हात करावेत, असा तिथला शिरस्ता. आता प्राचार्यांनी मनावर घेतलं होतं की पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचा: कोणत्या देशांशी नातं जोडायचं, किती मुलं जातील, किती येतील, तिकडे मिळालेले गुण इकडे कसे धरायचे. परदेशताई कित्येक महिने त्यात बुडाल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट डाचत होती. कितीही खटपट केली तरी जाणारी मुलं मूठभरच असणार. बाकीच्यांनी काय, नकाशा बघायचा?

यावर त्यांनीच तोड काढली होती, सोबतीचे तास. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याबरोबर इथल्या मुलांनी पाळीपाळीने जेवायचं, बाजारात जायचं, ग्रंथालयात बसायचं. आणि ते तास पदवीच्या गुणांत धरायचे. दोन वर्षं प्रयोग झाला होता. आता आराखड्यात तो सगळ्यांना सक्तीचा करायचा होता. ज्याला जग बघायला जाता येत नाही, त्याच्या पानाशेजारी जगच येऊन बसेल. या एका कलमात परदेशताईंनी जीव ओतला होता.

त्या वर्षी आलेली पाहुणी उंच, शांत मुलगी होती. मराठी पुस्तकातून शिकून आलेली, त्यामुळे बोलायला लागली की जुन्या काळचे वकील आठवत. एका दुपारी ती जिन्याखाली वाकून आत आली.

"मी आपणास एक विनंती करू इच्छिते. मला सत्र संपण्यापूर्वी माझ्या घरी परत जायचे आहे."

परदेशताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "बस आधी. बरं नाही का? कुणी काही बोललं?"

"नाही. सर्वजण अत्यंत चांगले आहेत."

"मग?"

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "एक मुलगी माझ्याबरोबर जेवावयास आली. आम्ही पुष्कळ हसलो. मी तिला माझ्या भावाविषयी सांगितले, जे मी कुणाला सांगत नाही. नंतर ती उठली आणि म्हणाली, ताईंना सांगशील ना, मी आज आले होते ते. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आली. तिनेही विचारले, तुला भाऊ आहे का."

पाळ्या त्यांनीच लावल्या होत्या. एकच मुलगी रोज आली तर बाकीच्यांचे तास कसे भरणार, म्हणून रोज वेगळी. पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून एकही जेवण मोकळं ठेवलं नव्हतं.

"मला थोडे दिवस दे," त्या म्हणाल्या. मुलगी नम्रपणे मान हलवून गेली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

घरी थोरली बहीण होती, निवृत्त नर्स. दोघी बहिणी एकत्र राहत, आणि धाकटी साठीला टेकली तरी अक्का तिला बारकी म्हणे.

"चेहरा का पडलाय बारके? कोणता देश रुसला?"

परदेशताईंनी सगळं सांगितलं. अक्का चहा गाळता गाळता ऐकत होती.

"म्हणजे गप्पा मारायचे गुण देता तुम्ही? आमच्या वेळी गप्पा मारल्या की मेट्रन गुण कापायची."

"थट्टा नको गं. प्राचार्य सर म्हणतात, ती मध्येच गेली तर तिचं कॉलेज पुन्हा कुणाला पाठवणार नाही."

"मग राहील असं कर."

"तेच कळत नाही. तास बंद केले तर तिच्याजवळ कुणी फिरकणारच नाही. आणि आराखड्यातलं माझं कलमच जातं."

"तुला त्यातलं कुठलं जास्त लागतंय?"

अक्काने कप पुढे सरकवला. "साखर कमी आहे. संपलीय," म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत भरली. त्यांच्या कलमाची पाळी आली तेव्हा परदेशताई म्हणाल्या, "हे मी मागे घेते."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "ताई, अहो, हे तर आराखड्याचं नाक आहे. नियामक मंडळाला मी हेच आधी दाखवणार होतो."

"माहीत आहे सर."

"आणि ते सुद्धा तुम्हीच मागे घ्यायचं?"

"मी घातलं होतं, म्हणून मीच. ती मुलगी आपल्याकडे आली आणि आपण तिच्या मैत्रीची हजेरी लावली. दोन वर्षं मी अहवालात तास भरलेले दाखवत होते. तास भरतच होते. त्यात काय होतं ते मी पाहिलं नाही."

अर्थशास्त्राचे प्राध्यापक आकड्यांवर भाळणारे. ते म्हणाले, "पण मग मोजायचं कसं? मंडळ विचारेल, न गेलेल्या मुलांना काय मिळालं."

"सांगू, की अजून आम्हाला ठाऊक नाही."

"ताई, आराखड्यात असं लिहीत नसतात," प्राचार्य म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण नाराजी लपली नाही. कलम निघालं आणि आराखडा पुढच्या बैठकीवर ढकलला. दारातून बाहेर पडताना प्राध्यापक हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही आमची गाडी चालत्या रस्त्यावर थांबवलीत हो." त्या म्हणाल्या, "चुकीच्या रस्त्यावर होती." पण आतून त्यांना तितकी खात्री नव्हती.

तास बंद झाल्याची सूचना लागली आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहुणीच्या टेबलावर कुणीच आलं नाही. परदेशताई भोजनगृहाच्या खिडकीशी उभ्या होत्या. मुलगी पाठ ताठ ठेवून, सावकाश जेवली. ताट नेऊन ठेवलं. सगळी खोली गजबजलेली आणि त्या टेबलाभोवती मात्र रिकाम्या खुर्च्या. आपण जाऊन बसावं असं त्यांना इतकं वाटलं की पाय दोनदा उचलला. मग वाटलं, आपण गेलो तर तोही सोबतीचाच तास होईल. त्या जिन्याखालच्या खोलीत परतल्या, पण काम झालं नाही. डबा तसाच घरी नेला. अक्काने उघडून पाहिला आणि भाजी पुन्हा गरम करायला ठेवली.

पुढेही तेच चाललं. एकदा मुलगी जेवायला आलीच नाही. आपण तिचं बरं करायला निघालो आणि उघड्यावर टाकून मोकळे झालो, असं परदेशताईंच्या मनाने घेतलं. परतीच्या तिकिटाची चौकशी करून ठेवावी का, इथपर्यंत त्या आल्या.

मग एके दिवशी मुलगी ताट घेऊन आली आणि आपल्या टेबलाकडे न जाता कोपऱ्यातल्या गोंगाटाकडे गेली. तिथे तीन मुली कसल्यातरी परीक्षेवरून वाद घालत होत्या. ती काहीतरी म्हणाली. एकीने वर न बघताच दप्तर उचलून खाली ठेवलं, खुर्ची मोकळी केली आणि वाद पुढे चालू ठेवला. कुणी तिला भाऊ आहे का विचारलं नाही. बराच वेळ तिच्याशी कुणी बोललंही नाही. परदेशताई खिडकीपासून बाजूला झाल्या.

काही दिवसांनी मुलगी पुन्हा वाकून आत आली. पुस्तकी मराठीला आता इथलं पाणी लागायला लागलं होतं.

"मी अजून ठरवलं नाही, जायचं की नाही. पण रविवारी आम्ही चौघी नदीपलीकडे जाणार आहोत. डोंगरावर."

पाहुण्या विद्यार्थ्याने बाहेर जाताना कॉलेजचं कुणीतरी बरोबर हवं, हा नियमही परदेशताईंचाच. तो त्यांच्या अगदी ओठांवर आला.

"परवानगी मागत नाहीये," मुलगी म्हणाली. "फक्त सांगून ठेवते."

"हं." परदेशताईंनी उगीचच टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "उतरताना जपून उतरा. पलीकडची बाजू निसरडी आहे."

"ते त्यांना माहीत आहे," ती म्हणाली आणि गेली.