शबानाच्या वायरीचं शून्य

आमच्या लॅबमध्ये वायर कमी तयार होते आणि किस्से जास्त. कारण सरळ आहे. वायर तुटली की नवी ओढेपर्यंत चहा प्यायचा, आणि चहा म्हटला की गप्पा आल्याच!

आम्ही सुपरकंडक्टर वायर बनवतो. तांब्याच्या नळीत नायोबियम आणि कथिल भरायचं, ती केसाएवढी बारीक होईपर्यंत ओढायची, मग भट्टीत भाजायची. प्रचंड थंडीत ठेवली की तिच्यातून वीज अजिबात अडथळा न येता वाहते. निदान वाहावी, अशी अपेक्षा! शनिवार पेठेतल्या माझ्या सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "इतकी वर्षं एक वायर? बोहरी आळीत पाहिजे तेवढी मिळते की गं!"

*

आमचे गोखले सर कधी चिडत नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं.

शबाना शेख आमच्याकडे पीएचडी करते. नवीन होती तेव्हा ओढताना तिची वायर मधोमध तुटली. बिचारी घाबरत केबिनमध्ये गेली. "सर, वायर तुटली."

सर वर न बघता म्हणाले, "छान. आता दोन झाल्या."

*

भाजल्यावर ही वायर पापडासारखी ठिसूळ होते. म्हणून कॉइल आधी गुंडाळायची आणि मग भाजायची. हे आम्हाला माहीत, पाहुण्यांना नाही. एक बडे पाहुणे आले, भाजलेला तुकडा उचलून म्हणाले, "ही कितपत वाकते हो?" आणि त्यांनी वाकवलीच. कट्ट!

सर शांतपणे म्हणाले, "तेवढीच."

*

एकदा भट्टी चालू असताना लाइट गेले. शबानाने वीज ऑफिसला फोन लावला. "अहो साहेब, भट्टी थंड होतेय, सगळा माल वाया जाईल!"

"बेकरी कुठली मॅडम तुमची?"

"बेकरी नाही हो, मी वायर भाजतेय!"

त्यांनी फोन ठेवून दिला.

*

पण शबानाची मुदत संपत आली, तेव्हा हसू कुणालाच येईना. ही शेवटची वायर चालली नाही, तर पीएचडी सोडून कर्वेनगरच्या क्लासमध्ये शिकवायचं, असं ती घरी कबूल करून बसली होती. त्या थंडीसाठी लागणारं द्रवरूप हेलियमही एकदाच मिळालं होतं.

वायर हेलियमच्या थंडीत सोडली. अडथळा मोजणाऱ्या मीटरवर शून्य! शबाना उडीच मारणार होती, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. मीटरचा जोड सुटला असेल."

त्यांचंही बरोबर होतं. जोड सुटला तरी मीटर शून्यच दाखवतो, मग वायर गार असो की गरम. वायर बाहेर काढली, जोड पक्के केले, परत सोडली. शून्य. मीटर बदलला. शून्यच! या सगळ्या भानगडीत हेलियम उडून गेलं.

शबाना स्टुलावर बसली, डोळे भरून आले होते. "सर, आता कुणाला पटणार?" वायर हळूहळू गरम होत होती आणि आम्ही उगाच मीटरकडे बघत होतो.

अचानक मीटरवरचं शून्य गेलं आणि आकडे दिसायला लागले!

"गेली!" शबाना किंचाळली. "सर, गेली!"

गोखले सर चक्क टाळ्या वाजवायला लागले. मी शबानाला मिठी मारली. शेजारच्या लॅबमधले कुलकर्णी धावत आले. "अहो, काय गेलं?"

"सुपरकंडक्टिव्हिटी गेली," सर डोळे पुसत म्हणाले. "म्हणजे मघाशी होती! पळा, पेढे घेऊन या!"