पाणलोटची गाणी

आम्ही तिघं, मी, निलेश आणि हिरा, पुण्याला निघालो ते टोमॅटोच्या पिकअपमधून. गाडी निलेशच्या चुलतभावाची होती. मागं क्रेट रचलेले आणि उरलेल्या जागेत माझा ड्रमसेट, गोधड्यांत गुंडाळलेला. खोडदला आमच्या दारात गाडी उभी होती, तेव्हा आईनं भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात देत विचारलं, "पुण्यात हे बडवायला तुला जागा कोण देणार हाय?" प्रश्न रास्त होता. निलेशनं बांधलेली दोरी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सोडली आणि स्वतःच्या हातानं पुन्हा आवळून बांधली.

हिराला निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं. तिचं घर भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला. तिथून ती सकाळच्या एसटीनं एकटीच उतरून आली होती, खांद्याला एक पिशवी घेऊन. आईनं तिच्याकडं पाहिलं, आत गेली आणि दुसरं गाठोडं बांधून आणलं. मग आम्ही निघालो. वळणापर्यंत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या दिसत होत्या, नंतर नारायणगावचा बाजार लागला आणि मागं बघायचं राहून गेलं.

हे मी गावाकडं राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि आमच्यासारखे जे उठून गेले त्यांच्यासाठीही. पाणलोट या आमच्या बँडबद्दल लोक विचारतात तेव्हा आम्ही कुठून आलो हे सांगता येतं, पण हिरा काय आहे हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून सविस्तर.

आम्ही तिघं एका कॉलेजात होतो. निलेश पिंपळवंडीचा, द्राक्षबागवाल्यांचा मुलगा. गिटार तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकला होता आणि कॉलेजच्या गॅदरिंगला हिंदी गाणी वाजवायचा. मी शाळेत लेझीमच्या पथकात ढोल वाजवायचे. मंचरचा एक लग्नातला ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा त्यांचा जुना ड्रमसेट अण्णांनी माझ्यासाठी आणला. का आणला, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. अण्णा दुर्बिणीच्या केंद्रात नोकरीला होते. मी घरात वाजवायला लागले की म्हणायचे, "हळू घे गं, तिकडं ताऱ्यांचं ऐकत्यात ते." शेवटी निलेशच्या घरची कांदा साठवायची बराख रिकामी झाली की आम्ही तिथं सरावाला जायला लागलो. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, मधून वारा येणार, आणि सगळीकडं कांद्याचा वास. कपडे धुतले तरी तो जायचा नाही.

हिरा आमच्या वर्गात होती, पण ती गाते हे आम्हाला माहीत नव्हतं. कॉलेजच्या श्रमदानाच्या शिबिरात आम्ही खड्डे खणत होतो आणि ती बांधाच्या पलीकडं माती ओढता ओढता गात होती. कुणासाठी नाही, आपलीआपली. निलेशनं टिकाव खाली ठेवला आणि नुसता ऐकत राहिला. नंतर त्यानं तिला बराखीत यायला सांगितलं, तर ती म्हणाली की हातात काम नसलं तर तिला गाता येत नाही. तिच्या डोंगरात बाया भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करताना गातात, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. बसून गाणं तिला अवघडल्यासारखं व्हायचं. पहिले कित्येक दिवस ती आमच्या सरावात शेंगा फोडत गायची. हसू नका, आमचं पहिलं गाणं शेंगांच्या टरफलांच्या ढिगाशेजारी तयार झालंय.

त्या गाण्याचं नाव 'आवणी'. डोंगरातली एक बाई आवणी आटोपून देशावर टोमॅटोच्या तोडणीला येते, त्याचं गाणं. हिराच्या मावशीचीच गोष्ट. त्यात एक ओळ आहे: 'माझं व्हतं ते वर राहिलं, मी उतरले कामाला.' निलेशनं त्याला चाल अशी लावली की 'व्हतं'वर गिटार थांबते आणि फक्त माझा ढोलासारखा ठोका राहतो.

पुण्यात आम्हाला धायरीला खोली मिळाली, एका गॅरेजच्या वर. आईच्या प्रश्नाचं उत्तर ते गॅरेज होतं. खाली दिवसभर पत्रे ठोकत असायचे, त्यामुळं माझ्या ड्रमची तक्रार करायला कुणी आलं नाही. निलेश एका मोबाइलच्या दुकानात लागला, मी लहान मुलांना ड्रम शिकवायला लागले, हिरा एका पोळीभाजी केंद्रात सकाळची पाळी करायची. बेस गिटार वाजवायला आम्हाला अरविंद मिळाला, चेन्नईहून कंपनीत नोकरीला आलेला. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. पहिले गिग कॅफेत झाले. समोर लोक बर्गर खात गप्पा मारत असायचे. हिरा मात्र त्या टेबलांकडं बघून असं गायची, जणू तेही तिच्याबरोबर वाफ्यात उतरलेत. हळूहळू गप्पा थांबायच्या. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि ते कसं होतं हे मला अजून सांगता येत नाही.

मग एका रेकॉर्डिंग कंपनीचे गृहस्थ आले. पूर्ण अल्बम करायचा म्हणाले, चांगल्या स्टुडिओत. माणूस सज्जन होता, गाणी त्यांना मनापासून आवडली होती. त्यांचं म्हणणं एवढंच की 'व्हतं'चं 'होतं' करू, 'न्हाई'चं 'नाही' करू, म्हणजे गाणं सगळ्या महाराष्ट्राचं होईल. निलेशला ते पटलं. त्याच्या घरी वडील रोज विचारत होते की बागेत कधी परत येतोस, आणि त्याला दाखवायला काहीतरी हवं होतं. हिरानं त्यांच्यासमोर गाणं त्यांच्या शब्दांत म्हणून दाखवलं, अगदी नीट. मग तिनं मान हलवली. म्हणाली, "आय जे बोलती ते चूक असंल, तर मी गाते तेबी चूकच हाय. मग मला कशाला घेता?"

बाहेर पडल्यावर निलेश तिच्याशी भांडला. अशी संधी परत येत नाही, दोन शब्दांसाठी चौघांचं नुकसान का, असं बरंच. त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी अरविंद हिंदीत जे बोलला त्यानं विषय मिटला. तो म्हणाला, मला दोन्हीचा अर्थ कळत नाही, पण आत्ता तिथं ही वाचून दाखवत होती, रोज गाताना ही माझ्याशी बोलते. निलेश म्हणाला, चला, आपणच रेकॉर्ड करू.

रविवारी गॅरेज बंद असायचं, तेव्हा खिडक्यांना गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंग केलं आणि इंटरनेटवर टाकून दिलं. सुरुवातीला काही झालं नाही. मग चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाचा मेसेज आला की पाळी सुटली की बसमध्ये आम्ही सगळे हेच लावतो. दुबईहून एका ड्रायव्हरचा आला, घोडेगावचा. बंगळूरहून, नाशिकहून. हे सगळे कुठून तरी उतरून कामाला गेलेले लोक होते. त्यांनीच आम्हाला वर नेलं. मोठ्या फेस्टिवलमध्ये बोलावणी आली, पोस्टरवर नाव आलं. आम्ही शिलाँगला वाजवलं, जिथं एकालाही मराठी येत नव्हतं, आणि 'व्हतं'वर गिटार थांबली तेव्हा अख्खं मैदान थांबलं.

आणि मग हिराचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं दमणूक आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे. साधीच आहे, पण ऑपरेशन लागेल, त्यानंतर काही दिवस पूर्ण मौन, आणि वरचे सूर परत येतील याची खात्री नाही. ऑपरेशन झालं आणि ती गावी निघून गेली. पुण्यात सगळे तिला बोलायला लावतील, असं तिनं फोनवर टाईप करून कळवलं.

निलेश आणि मी तिला भेटायला गेलो तेव्हा आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकलेल्या, गाणं चाललेलं, आणि त्यांच्यामध्ये हिरा तोंड मिटून रोपं लावत होती. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. बांधावर उभ्या निलेशला ते बघवेना, तो मागं वळला. तिची आई मात्र आमच्याजवळ येऊन हात पुसत म्हणाली, "तोंड बंद हाय, कान न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला हितं."

ती परत आली ती पाऊस संपल्यावर. गॅरेजवरच्या खोलीत निलेश, अरविंद आणि मी बसलो होतो. ती स्टुलावर बसली आणि 'आवणी'ची पहिली ओळ म्हटली. वर जाताना आवाज फाटला. तिनं पुन्हा म्हटली, पुन्हा फाटला. मला वाटलं ती आता रडेल. ती पाणी प्यायली आणि निलेशला म्हणाली, "वरचा सूर गेला. आपुन खालून गाऊ."

निलेशनं गिटारच्या तारा खालच्या सुरात उतरवल्या. प्रत्येक गाणं आम्ही खाली आणलं. काही चाली मोडल्या, त्या तिनं नव्यानं बांधल्या. जुन्या आवाजासारखं काही करायचा तिनं एकदाही प्रयत्न केला नाही. नवा आवाज जाड होता, किंचित खरखरीत, तिच्या आईच्या आवाजाच्या जवळचा. जुना आवाज ऐकून लोक वाहवा करायचे, हा ऐकून गप्प बसायचे. मी रोज तिच्या मागं बसून ठोका धरते, तिची पाठ एवढीच मला दिसते, आणि इतकी वर्षं झाली तरी त्या पाठीकडं बघून मला ताठ बसावंसं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात घोडेगावच्या कॉलेजच्या मैदानावर आमचा कार्यक्रम झाला, दुपारी, मांडव टाकून. हिराची आई आणि डोंगरातल्या बाया जीप भरून आल्या आणि पुढं सतरंजीवर बसल्या. 'आवणी' सुरू झालं. हिरानं पहिली ओळ टाकली आणि त्यांनी ती उचलली. टाळ्या नाही, शिट्ट्या नाही, शेतात उचलतात तशी सरळ उचलली. त्यांची लय आमच्यापेक्षा संथ होती. क्षणभर सगळं विस्कटलं. हिरानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मी हात आवरला, त्यांच्या लयीवर आले. अरविंद आला, निलेश आला. त्या दिवशी ते गाणं आम्ही नाही, त्यांनी वाजवलं. संपल्यावर हिराची आई स्टेजजवळ आली आणि तिनं माझ्या हातातल्या काठ्या घेऊन उलटसुलट करून बघितल्या. म्हणाली, "लई येळ बसून असती गं तू. पाठ दुखत न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी खोडदला जेवून मी पुण्याला निघाले. धायरीला आता माझा फ्लॅट आहे, तिथंच हिराही शेजारच्या इमारतीत राहते. आई दारापर्यंत आली. एवढी वर्षं ती निघताना म्हणायची, रूमवर पोचली की फोन कर. फ्लॅट झाला, सोसायटी झाली, तरी तिच्यासाठी ती रूमच होती. त्या दिवशी तिनं माझ्या गाडीचं दार लावलं आणि सहज म्हणाली, "घरी गेली की फोन कर."

तिला कळलंही नसेल काय बोलली ते. मला मात्र रस्ताभर काहीतरी हातून निसटल्यासारखं वाटत होतं, आणि काहीतरी हातात पडल्यासारखंही. धायरीत पोचले, दिवा लावला, पिशवीतली मेथी आणि आईनं दिलेला कांदा ओट्यावर ठेवला आणि फोन लावला. तिनं उचलला. मी म्हणाले, "आई, आले गं घरी."

ती म्हणाली, "बरं झालं." आणि मग खोडदच्या घरातलं सगळं सांगत बसली.